बटव्यातील मात्रा

मराठी घरातील स्वयंपाकघर हे केवळ अन्न शिजविण्याचे ठिकाण कधीच नव्हते. मिसळणाच्या डब्यातील हिंग, जिरे व हळद, फडताळातील बरण्यांत भरून ठेवलेला ओवा, सुंठ व बडीशेप, कोकणात आणि गोव्यात उन्हात वाळवलेली आमसुले, यांच्या बळावर पोटाच्या बहुतेक किरकोळ तक्रारींचा निकाल तेथेच लागत असे. जेवण जड झाले तर ओवा चघळावा, पोट फुगले तर ताकातून चिमूटभर हिंग घ्यावा, पित्ताच्या गांधी उठल्या तर आमसुलाचे पाणी अंगाला लावावे, तान्ह्याच्या पोटात कळ आली तर बेंबीभोवती हिंगाचा कोमट लेप द्यावा, अशा सूचना कोणत्याही पुस्तकाविना एका पिढीकडून दुसऱ्या पिढीकडे जात राहिल्या. या साऱ्या ठेव्याला मराठीने ‘आजीबाईचा बटवा’ असे मोठे जिव्हाळ्याचे नाव दिले आहे.

या बटव्याविषयी आज दोन टोकांची मते ऐकू येतात. शिकलेल्या मंडळींतील काहींना तो केवळ अडाणीपणाचा अवशेष वाटतो. दुसऱ्या बाजूला, जे जे जुने ते ते सोने, असे मानणारा मोठा वर्ग आहे. झाडपाल्याचे औषध म्हणजे अपाय नसलेले औषध, अशी या वर्गाची ठाम समजूत असते. तिच्या आधाराने बाजारात रंगीत वेष्टनांतील चूर्णे, काढे आणि ‘पोट साफ’ करणारे चहा यांची रेलचेल झाली आहे. ही दोन्ही मते बटव्यातील वस्तूंकडे पाहतात. त्या वस्तू देणाऱ्या हाताकडे पाहत नाहीत. त्या हाताला ठाऊक असलेली एक गोष्ट, म्हणजे मात्रा, हे बटव्याचे खरे मोल होते. कोणाला द्यावे, केव्हा द्यावे, किती द्यावे आणि कधी मुळीच देऊ नये, हे ज्ञान वगळले तर बटव्यात उरतात त्या केवळ वाळलेल्या मुळ्या आणि फळे.

बाळगुटीचे उदाहरण घ्यावे. हिरडा, मुरुडशेंग, सुंठ, हळकुंड, वेखंड, जायफळ, ज्येष्ठमध, खारीक, बदाम अशी द्रव्ये सहाणेवर आईच्या दुधात किंवा उकळून निवविलेल्या पाण्यात उगाळून ते चाटण बाळाला दिले जाई. येथे माप चमच्याचे नसे, तराजूचेही नसे. माप होते ते वेढ्यांचे. सहाणेवर ते द्रव्य एकदा गोल फिरविले की एक वेढा झाला. बाळाला शौचास खडा होत असेल तर हिरड्याचे वेढे वाढवायचे, पोटात मुरडा असेल तर मुरुडशेंगेचे, आणि जायफळ गुंगी आणणारे म्हणून त्याचा वेढा नेहमी हात आखडूनच द्यायचा. बाळ जसजसे मोठे होई तसतसे वेढे बदलत. अक्षरओळख नसलेली आजी रोज सकाळी बाळाच्या पोटाला हात लावून, लंगोट पाहून, त्याच्या रडण्याचा सूर ऐकून त्या दिवसाचे प्रमाण ठरवीत असे. तिच्या या निरीक्षणाला कमी लेखण्याचे कारण नाही.

‘मात्रा’ हा शब्द मराठीत दोन अर्थांनी वापरला जातो. वैद्यकात मात्रा म्हणजे औषधाचे योग्य प्रमाण, आणि लिपीत मात्रा म्हणजे अक्षराच्या डोक्यावरची तिरपी रेघ. नव्याने लिहायला शिकणाऱ्याला या दुसऱ्या मात्रेचा प्रताप लवकरच कळतो. ‘मला’ या साध्या शब्दातील पहिल्या अक्षरावर एक मात्रा अधिक चढली की त्याचा ‘मेला’ होतो. औषधाचेही काहीसे असेच असते. चिमटीने घेतले तर जे पाचक, तेच मुठीने घेतले तर घातक ठरू शकते.

स्वयंपाकघरातील पाचक द्रव्यांना अनुभवाप्रमाणेच रसायनशास्त्राचाही आधार आहे. ओव्याच्या तीव्र वासाचे मूळ त्यातील थायमॉल या द्रव्यात असते, आणि जंतुनाशक म्हणून आधुनिक औषधशास्त्रानेही थायमॉलचा उपयोग केला आहे. आल्यामुळे मळमळ कमी होते, या जुन्या अनुभवाला अनेक आधुनिक चाचण्यांतून दुजोरा मिळाला आहे. हिंग म्हणजे एका झाडाच्या मुळातून पाझरणारा चीक होय. तो इतका उग्र असतो की बाजारात मिळणारा बांधणी हिंग पीठ व डिंक मिसळून सौम्य केलेला असतो. डाळी आणि कडधान्ये यांच्यावर वाढलेल्या देशाला हिंगाची गरज पडली यात नवल नाही. मात्र हा ‘पारंपरिक’ हिंग शतकानुशतके अफगाणिस्तान आणि इराणकडून येत राहिला. भारताच्या भूमीत हिंगाची पद्धतशीर लागवड करण्याचा प्रयोग हिमाचल प्रदेशातील लाहौल खोऱ्यात, क्वारिंग या गावी, १५ ऑक्टोबर २०२० रोजी पहिले रोप लावून सुरू झाला. परंपरा म्हणजे दारे बंद करून बसलेले घर नव्हे. जे बाहेरून आले आणि उपयोगी पडले त्याला तिने आपले म्हटले. जे नवे ज्ञान आज येत आहे त्याच्याकडे पाठ फिरविणे म्हणूनच परंपरेला धरून नाही.

पोटासाठी वापरल्या जाणाऱ्या वनौषधींत हिरड्याचा मान मोठा आहे. चरकसंहितेच्या चिकित्सास्थानातील पहिल्याच भागाला ‘अभया’ म्हणजे हिरडा आणि ‘आमलकी’ म्हणजे आवळा यांच्यावरून नाव मिळाले आहे. हिरडा, बेहडा आणि आवळा मिळून त्रिफळा होतो, हे तर सर्वपरिचित आहे. सह्याद्रीच्या कुशीत, जुन्नर, आंबेगाव, खेड या तालुक्यांच्या डोंगरपट्ट्यात हिरड्याची झाडे मोठ्या संख्येने आहेत, आणि कोवळी फळे झोडून, वाळवून विकणे हा तेथील आदिवासी कुटुंबांचा हंगामी आधार आहे. हेच कोवळे वाळलेले फळ म्हणजे बाळहिरडा. हिरड्याचा गुण कसा वापरावा याविषयी जुन्या वैद्यकाने केलेला विचार लक्षात घेण्याजोगा आहे. चावून खाल्लेला हिरडा भूक वाढवितो, वाटून घेतलेला पोट साफ करतो, तर उकडून घेतलेला उलट जुलाब बांधून धरतो, असे ते सांगते. या प्रत्येक विधानाची आजच्या कसोट्यांवर परीक्षा व्हावी हे योग्यच. परंतु एकच फळ, कृती बदलताच निराळे काम करते, एवढे भान ज्या वैद्यकाने बाळगले त्याच्या नावावर ‘कोणीही, कधीही, कितीही घ्या’ असे सांगणारी जाहिरात करणे हा त्या वैद्यकावरच अन्याय आहे.

हा अन्याय सर्वाधिक होतो तो ‘शुद्धी’ या शब्दाच्या बाबतीत. आयुर्वेदात शोधन नावाची चिकित्सा आहे. वमन, विरेचन, बस्ती यांसारखी कर्मे तिच्यात येतात. परंतु रुग्णाचे वय, बळ, ऋतू, व्याधीची अवस्था हे सारे पाहून, आधी शरीराची तयारी करून आणि नंतर पेजेपासून चढत जाणारे पथ्य सांभाळून, वैद्याच्या देखरेखीखाली ती करावयाची असते. दुर्बळ माणूस, लहान मूल, गर्भवती स्त्री यांच्या बाबतीत तेथे अनेक निषेध सांगितलेले आहेत. आजच्या बाजारातील ‘डिटॉक्स’ नावाच्या पुडीत यांपैकी काहीच नसते. शरीरात विष साठले आहे आणि ते ही पुडी बाहेर काढील, असे तिच्यावर छापलेले असते. ते विष कोणते, ते कोठे साठले आणि बाहेर पडले हे कशावरून ओळखावे, याचे उत्तर मात्र कोठेच दिलेले नसते. निरोगी माणसाच्या शरीरात रक्त गाळण्याचे काम दोन मूत्रपिंडे अहोरात्र करीत असतात, आणि अपायकारक द्रव्यांचे रूपांतर करून ती निकामी करण्याचे काम यकृत करीत असते. या अवयवांचे काम जुलाबाच्या चूर्णाने होत नाही. ती अवयवे बिघडली तर त्यांना उपचार हवा असतो, पुडी नव्हे.

जुलाब झाले म्हणजे पोट शुद्ध झाले, हा समज फार खोलवर रुजलेला आहे. अनेक घरांत मुलांना ठरावीक दिवशी सुंठीच्या काढ्यातून एरंडेल पाजण्याची रीत होती. ‘एरंडेल प्यायल्यासारखा चेहरा’ हा वाक्प्रचार त्या रीतीची आठवण अजूनही जागी ठेवतो. एरंडेल हे रेचक आहे यात शंका नाही. परंतु ज्याचे पोट बिघडलेले नाही त्याला रेचकाची गरजही नसते. पोट दुखते म्हणून सरसकट रेचक देणे तर अनेकदा धोक्याचे ठरते. दुखणे आंत्रपुच्छाच्या सुजेचे असेल तर रेचकामुळे ते आंत्रपुच्छ फुटण्याचा संभव वाढतो, आणि घरच्या घरी उपाय करण्यात गेलेला वेळ जिवावर बेतू शकतो.

सोनामुखीची गोष्टही अशीच विचार करायला लावणारी आहे. तमिळनाडूतील तिरुनेलवेली भागात पिकणारी ही वनस्पती जगभर निर्यात होते. तिच्या पानांतील आणि शेंगांतील द्रव्यावर मोठ्या आतड्यातील जीवाणूंची क्रिया झाली की त्यापासून आतड्यांना चालना देणारा अंश तयार होतो. म्हणूनच रात्री घेतलेल्या सोनामुखीचा परिणाम सकाळी दिसतो. जागतिक आरोग्य संघटनेने अत्यावश्यक औषधांच्या यादीत तिला स्थान दिले आहे. म्हणजे आधुनिक वैद्यकाने तिला नाकारले नाही. उलट तिचे प्रमाण निश्चित करून तिला मान दिला. मात्र ‘वजन घटविणारा चहा’ म्हणून तीच सोनामुखी रोज घेतली जाते तेव्हा चित्र पालटते. वजनकाट्यावर जे घटते ते मुख्यतः पाणी असते, चरबी नसते. दीर्घकाळ असे केल्यास शरीरातील पोटॅशियमसारखे क्षार कमी होतात, आणि अनेकांना औषधावाचून शौचास होतच नाही अशी सवय जडते. आठवडाभरात पोट सपाट करू पाहणाऱ्या या उतावीळपणाला मराठीत फार जुनी म्हण आहे: पी हळद आणि हो गोरी.

याउलट इसबगोलाकडे पाहावे. उत्तर गुजरात आणि राजस्थान येथे पिकणाऱ्या या बियांचे साल पाणी शोषून फुगते, मऊ होते आणि मळाला आकार व ओलावा देते. त्यात गूढ असे काही नाही. १९९८ साली अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने इसबगोलातील विद्राव्य तंतूंचा हृदयविकाराचा धोका कमी करण्याशी असलेला संबंध अन्नपदार्थांच्या वेष्टनावर नमूद करण्यास अनुमती दिली. परीक्षेला उतरलेल्या परंपरेचे तेज कमी होत नाही, वाढते, याचे हे ठळक उदाहरण होय. मात्र येथेही मात्रा सुटत नाही. इसबगोल पुरेशा पाण्याबरोबरच घ्यावा लागतो. तो कोरडा गिळला तर घशात किंवा अन्ननलिकेत फुगून अडकू शकतो.

‘वनस्पतीचे औषध, म्हणून निर्धोक’ हा समज तर एकदा नीट तपासून पाहायलाच हवा. जमालगोटा ही वनस्पतीच आहे आणि धोतराही वनस्पतीच आहे. त्यांच्या वाटेला कोणी जात नाही, कारण त्यांचे विष लोकांना ठाऊक आहे. अडचण होते ती ज्यांचा अपाय चटकन दिसत नाही अशांची. बाळगुटीतील वेखंडाचेच पाहावे. त्याच्या तेलातील एका घटकाने प्रयोगातील प्राण्यांना अपाय झाल्याचे दिसून आल्यावर १९६८ साली अमेरिकेत अन्नपदार्थांत वेखंड वापरण्यास बंदी घालण्यात आली. कोविडच्या साथीत घरोघर गुळवेलीचे काढे उकळू लागले. २०२१ साली मुंबईतील तज्ज्ञांनी गुळवेल घेणाऱ्या सहा रुग्णांच्या यकृताला इजा झाल्याची नोंद वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध केली. आयुष मंत्रालयाने तिच्यावर आक्षेप घेतला, आणि रुग्णांनी घेतलेली वनस्पती खरोखर गुळवेलच होती की तिच्यासारखी दिसणारी दुसरी, हे तपासले गेले नाही, असे म्हटले. या वादात कोणाचीही बाजू घेतली तरी एक निष्कर्ष टळत नाही. वेल ओळखता न येणे आणि किती दिवस, किती काढा प्यावा हे ठाऊक नसणे, या दोन्ही गोष्टी धोक्याच्या आहेत. २००४ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात अमेरिकेतील बॉस्टन शहराच्या परिसरातील दुकानांतून घेतलेल्या ७० आयुर्वेदिक उत्पादनांपैकी १४ उत्पादनांत शिसे, पारा किंवा आर्सेनिक आढळले. दोष हिरड्याचा नव्हता आणि आवळ्याचाही नव्हता. पण पुडी उघडणाऱ्याला आत काय आहे हे कळण्याचा मार्ग नव्हता.

परंपरेतील काही गोष्टी प्रेमाने बाजूलाही ठेवाव्या लागतात. बाळाला पहिले सहा महिने केवळ आईचे दूध द्यावे, पाणीही देऊ नये, अशी शिफारस जागतिक आरोग्य संघटनेने २००१ साली केली. सहाण नीट धुतलेली नसेल, पाणी उकळलेले नसेल तर बाळगुटीतूनच जुलाबाचे जंतू बाळाच्या पोटात जातात, हे कारण कोणत्याही आजीला पटण्यासारखे आहे. जी आजी बाळाच्या पोटाला हात लावून वेढे कमी करीत असे, तिने नव्या माहितीच्या आधारे वेढे काही महिने थांबविले, तर तिच्या शहाणपणाला बाध येत नाही. ते तिच्या शहाणपणाचेच पुढचे पाऊल ठरते.

मात्रेचे महत्त्व पटवून देणारे सर्वांत मोठे उदाहरण मात्र कोणत्याही दुर्मिळ मुळीचे नाही. ते मीठ आणि साखरेचे आहे. १९७१ साली बांगलादेशाच्या मुक्तिसंग्रामाच्या वेळी लक्षावधी निर्वासित पश्चिम बंगालमध्ये आले. बनगाव येथील छावणीत पटकीची साथ पसरली. शिरेतून देण्याच्या सलाइनचा साठा अपुरा पडू लागला, तेव्हा डॉ. दिलीप महालनाबिस यांनी मीठ, खाण्याचा सोडा आणि ग्लुकोज यांच्या पुड्या बांधून ते पाण्यात कालवून पाजण्यास सुरुवात केली. रुग्णांच्या नातेवाइकांनीच कपाने हे पाणी पाजले. ज्या साथीत सुमारे ३० टक्के रुग्ण दगावत होते, तेथे हे पाणी मिळालेल्यांतील मृत्यूचे प्रमाण ४ टक्क्यांच्याही खाली आले. जलसंजीवनी या नावाने आज सरकारी दवाखान्यांत मिळणारी पुडी त्या अनुभवातून जगभर पोहोचली. पुडी हाताशी नसेल तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ, हे प्रमाण सांगितले जाते. मीठ कमी पडले तर उपयोग कमी होतो, आणि अधिक झाले तर लहान मुलाला ते अपाय करते. स्वयंपाकघरातील दोन सामान्य पदार्थ, पण नेमक्या मात्रेत एकत्र आले तेव्हा त्यांनी असंख्य बालकांचे प्राण राखले. जुलाब होणाऱ्या मुलाचे पोट ‘साफ होऊ द्यावे’ म्हणून पाणी तोडणारी समजूत आणि हे प्रमाणबद्ध पाणी, यांतील अंतर म्हणजे जीवन आणि मरण यांतील अंतर होय.

यावर एक आक्षेप घेतला जाईल, आणि तो दुर्लक्ष करण्याजोगा नाही. ज्या वस्तीत डॉक्टर नाही, ज्या मजुराचा एक दिवस दवाखान्यात गेला तर संध्याकाळची चूल पेटत नाही, त्याला झाडपाल्याचाच आधार असतो. त्याला विज्ञानाचे धडे देणे सोपे आहे, त्याची अडचण समजून घेणे कठीण. हे खरे आहे. परंतु ज्याला चूक परवडत नाही त्यालाच मात्रेची गरज सर्वाधिक असते. श्रीमंताचे औषध चुकले तर त्याच्यापुढे दुसरा उपाय असतो. गरिबाचे चुकले तर अनेकदा फार उशीर झालेला असतो. म्हणून घरगुती उपाय कोठवर करावा याची सीमारेषा घरातल्या प्रत्येकाला ठाऊक असावी. शौचातून रक्त पडणे किंवा शौचाचा रंग डांबरासारखा काळा होणे, पोटदुखी थांबत नसून वाढत जाणे व त्याबरोबर ताप येणे, उलट्या न थांबणे, मूल निपचित पडणे, त्याचे डोळे खोल जाणे किंवा लघवी बंद होणे, कारणावाचून वजन घटत राहणे, यांपैकी एकही लक्षण दिसताच ओवा आणि हिंग बाजूला ठेवून दवाखाना गाठला पाहिजे. सहा महिन्यांच्या आतील बाळ, गर्भवती स्त्री आणि दीर्घ आजाराची औषधे रोज घेणारे वृद्ध यांना तर कोणताही काढा विचारल्याविना देऊ नये.

ही सीमारेषा आणि ही मात्रा जपण्याचा भरवशाचा मार्ग म्हणजे नोंद. महाराष्ट्रापासून दूर, तंजावर येथे, १७९८ ते १८३२ या काळात राज्य करणाऱ्या दुसऱ्या सरफोजीराजांनी याचा वस्तुपाठ घालून दिला आहे. त्यांच्या धन्वंतरी महालात निरनिराळ्या वैद्यकपद्धतींचे जाणकार एकत्र काम करीत, रुग्णांवरील उपचारांच्या नोंदी ठेवल्या जात आणि अनुभवास उतरलेले औषधयोग तमिळ भाषेतील ग्रंथांत संकलित केले गेले. ‘आमच्या वाडवडिलांनी सांगितले’ एवढ्यावर न थांबता ‘कोणाला दिले, काय झाले’ हे लिहून ठेवण्याची ही दृष्टी दोनशे वर्षांपूर्वीची आहे. लिखिताचे सामर्थ्य पुढे हळदीच्या प्रकरणातही दिसून आले. जखम भरण्यासाठी हळद वापरण्याचे पेटंट १९९५ साली अमेरिकेत दिले गेले होते. डॉ. रघुनाथ माशेलकर यांच्या नेतृत्वाखालील वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेने जुने लिखित व छापील पुरावे पुढे मांडले, आणि १९९७ साली ते पेटंट रद्द झाले. घराघरांतील कोट्यवधी हातांनी जखमेवर हळद लावली होती, पण निवाड्याच्या वेळी कामी आला तो कागद.

आजीबाईच्या बटव्याचे दुर्दैव हे की तो बहुतांशी स्त्रियांच्या स्मरणात राहिला आणि त्यांतील अनेकींना लिहिता येत नव्हते. आजी गेली की वेढ्यांचे माप गेले, आणि उरलेली सहाण देवघरात गंधापुरती राहिली. मग त्या रिकाम्या जागेत जाहिरात शिरली. औषधे आणि चमत्कारी उपाय यांच्या आक्षेपार्ह जाहिरातींना आळा घालणारा कायदा देशात १९५४ पासून आहे; पण ज्याला वेष्टनावरचा मजकूर वाचता येतो त्याच्याच हाती त्या कायद्याचे बळ येते. घटकद्रव्ये कोणती, परवाना क्रमांक आहे की नाही, मुदत केव्हा संपते आणि ‘शंभर टक्के गुण’ अशी थाप छापली आहे काय, हे पाहण्यास दोन मिनिटे पुरतात.

जो प्रौढपणी अक्षरे गिरवितो, जी शाळा सुटल्यावर अनेक वर्षांनी पुन्हा पुस्तक उघडते, त्यांच्या नव्याने मिळविलेल्या अक्षरांना यापेक्षा अधिक जवळचे काम क्वचितच सापडेल. घरातील वृद्धेजवळ बसावे आणि एका वहीत उतरून घ्यावे: वनस्पतीचे नाव, तिचे गावाकडील नाव, पान की मूळ की फळ, ओले की वाळलेले, किती, केव्हा, कोणाला आणि कोणाला नाही. जे ठाऊक नाही ती जागा कोरी ठेवावी आणि ती वही गावात येणाऱ्या आरोग्यसेविकेला किंवा डॉक्टरांना दाखवावी. त्यांनी काही खोडले तर खोडू द्यावे आणि कारण विचारून तेही लिहावे. अशा वहीच्या पहिल्या पानावर सहा सपाट चमचे साखर, अर्धा सपाट चमचा मीठ आणि एक लिटर स्वच्छ पाणी एवढेच लिहिले असले, तरी त्या घरातील बटवा पूर्वीपेक्षा अधिक भरलेला आहे असे म्हणता येईल.